घरातले म्युझिक प्लेअर चालवायला टॅब्लेट ॲप बनवतोय. कुणालाही न शिकवता वापरता येईल असं डिझाइन कसं करू?

तुम्ही लिहिलंय की घरात लिरियन सर्व्हर (खोल्याखोल्यांतल्या प्लेअरना गाणी पुरवणारं सॉफ्टवेअर) आहे, चार खोल्यांत रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर स्क्वीझलाइट हा प्लेअर चालतो आणि मेनू डावीकडे ठेवावा की तळाशी, यावर गाडी अडलीय. मेनूचं नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या ॲपमध्ये खोली कुठे दिसते? वरच्या कोपऱ्यातल्या ड्रॉपडाउनमध्ये असेल, तर बाकीचं कितीही देखणं करा, घरची माणसं ते वापरणार नाहीत.

हे मी एवढं ठामपणे म्हणतोय, कारण यावरून मी नोकरीत भांडलोय. होम ऑटोमेशनची ॲप्स बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. आमच्या डिझाइन प्रमुखांचं म्हणणं, ॲप उघडल्याबरोबर अल्बमची चित्रं पडदाभर दिसली पाहिजेत, डेमोत तेच विकलं जातं. खोली निवडायची जागा उजव्या कोपऱ्यात, नखाएवढी. मी म्हणत होतो, माणूस टॅब्लेटकडे धावतो तो बहुतेक वेळा गाणं शोधायला नाही, आवाज कमी करायला. फोन वाजतो, दारावर कुणी येतं, बाळाचा नुकता डोळा लागलेला असतो. पण "लोकांना नवीन संगीत सापडलं पाहिजे" या वाक्यावर दरवेळी मीटिंग संपायची.

तेच ॲप चाचणीसाठी आमच्या चिंचवडच्या घरी हॉलच्या भिंतीवर लावलं होतं. गणपतीचे दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं. हॉलमध्ये सनई लावलेली, आत बाबा गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पडून, त्यांचा ख्याल ऐकत. आरतीची वेळ झाली, निरांजन लावलं, मावशीने पॉज दाबलं. सनई चालूच. तिने पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा. आतून बाबांचा आवाज आला, "अरे, कोण बंद करतंय माझं?" ड्रॉपडाउनमध्ये सकाळपासून बाबांची खोली निवडलेली राहिली होती. मावशी आयुष्यभर बँकेत कॅशियर होती, कॉम्प्युटर आल्यावर तो शिकून इतरांना शिकवलेली बाई. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "मला नाही बाई जमत हे." मला फार लागलं ते. तिला न जमण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. ऑफिसात हे सांगितलं, तर उत्तर मिळालं की ज्येष्ठ नागरिक आपले टार्गेट युजर नाहीत.

मग मी घरासाठी स्वतःचं ॲप लिहिलं. पहिल्या पडद्यावर फक्त खोल्या. प्रत्येक खोलीची एक आडवी पट्टी: नाव, काय वाजतंय, वजा, अधिक, पॉज. पट्ट्यांचा क्रम कधीही बदलत नाही. एखादा प्लेअर बंद असला, तरी त्याची पट्टी फिकी होते, गायब होत नाही. भिंतीवरच्या स्विचबोर्डात पंख्याचं बटण दिवा लावल्यावर जागा सोडून जात नाही, तसंच. पुढच्या गणपतीत मावशीने कुणालाही न विचारता हॉलमधलं बंद केलं आणि आरतीला उभी राहिली.

तुम्हाला आता काही ठिकाणी ठेच लागेल, म्हणून सांगून ठेवतो. दोन प्लेअर सिंक केले, म्हणजे एकच गाणं एकदम वाजवायला जोडले, की पॉज सगळ्या गटाला लागू होतो. स्वयंपाकघरातून पॉज दाबलं की हॉलही थांबतो आणि भांडणं तिथून सुरू होतात. एकट्या खोलीचा आवाज घालवायला म्यूट वेगळं द्या आणि सिंक केलेल्या पट्ट्या एकाच चौकटीत दाखवा. आवाजाचा स्लायडर ओढताना सर्व्हरकडून जुना आकडा परत येतो आणि स्लायडर उड्या मारतो. बोट काचेवर आहे तोवर सर्व्हरचं ऐकायचं नाही. खरं तर स्लायडरपेक्षा बटणं बरी: आवाजाची जी कमांड सर्व्हरला जाते (मिक्सर व्हॉल्यूम), तिच्यात थेट आकड्याऐवजी +5, -5 पाठवता येतं, म्हणजे दोघांनी एकदम दाबलं तरी गोंधळ नाही आणि चुकून बोट लागून आवाज शंभरावर जाण्याचा धोकाही नाही.

गाणं पुढे-मागे सरकवायची पट्टी तीन मिनिटांच्या गाण्यासाठी ठीक. हजार पिक्सेलच्या पट्टीवर 40 मिनिटांचा ख्याल बसवला, तर एका पिक्सेलला जवळजवळ अडीच सेकंद येतात. बोट जरा घसरलं की दीड-दोन मिनिटांची आलापी गेली. तीस सेकंद मागे-पुढे जाणारी बटणं द्याच. कलाकारांच्या यादीत सगळे पंडित एकाखाली एक जमतात, त्याला ॲपमध्ये उपाय शोधू नका. क्रमवारी लावताना कोणते शब्द सोडायचे याचं सेटिंग सर्व्हरमध्ये आहे, त्यात पंडित आणि उस्ताद घाला.

घरभर वाजणारे वायरलेस स्पीकर बनवणाऱ्या सोनोसने मे 2024 मध्ये ॲप नव्याने लिहून बाजारात आणलं, तेव्हा अलार्म आणि स्लीप टायमर त्यात नव्हते. लोक एवढे भडकले की कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी 2025 मध्ये सीईओ पॅट्रिक स्पेन्स यांना पद सोडावं लागलं. रोजच्या वापरातल्या साध्या गोष्टींना हात लावला की काय होतं, ते एवढ्या मोठ्या कंपनीलाही चुकलं नाही. ती बातमी मी आमच्या जुन्या डिझाइन प्रमुखांना पाठवली होती. उत्तर आलं नाही.

आता मेनू. आडव्या टॅब्लेटवर रुंदी भरपूर आणि उंची कमी असते, तेव्हा डावीकडे. अल्बमची चित्रं दुसऱ्या पडद्यावर हवी तेवढी मोठी लावा, तिथे माझी काहीच हरकत नाही.

हे सगळं एकाहून जास्त खोल्यांच्या घरासाठी. एकच प्लेअर असेल, तर थेट चालू गाण्याचा पडदा उघडा. आणि कोड लिहायला बसण्याआधी सर्व्हरवर मटेरिअल स्किन (ब्राउझरमध्ये उघडणारा तयार कंट्रोल पडदा) टाकून आठवडाभर घरच्यांना वापरू द्या. ते कुठे अडतात ते उभं राहून बघा, मध्ये बोलू नका. डिझायनर सोबत असेल तर त्यालाही उभं करा.