एकोणिसाव्या शतकात आमच्या पूर्वजांचं गोव्यात डिचोलीला दुकान होतं. नाव सोडून काही माहीत नाही, तर शोध कुठून सुरू करू?

जन्माच्या दाखल्यामागे लागू नका. ख्रिस्ती कुटुंबांना चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं तरी असतात, आपल्याकडे त्या काळचं तसं काही हाती लागणं कठीण. दुकानदार शोधायचा तो त्याच्या देण्याघेण्यात.

कागदांत सगळ्यात आधी इन्व्हेंटार, म्हणजे मेलेल्या माणसाच्या मालमत्तेची कोर्टातली यादी. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा 1870 पासून गोव्यात लागू झाला. माणूस मागे अज्ञान (वयात न आलेली) मुलं ठेवून गेला की कोर्टात मालमत्तेची मोजदाद व्हायचीच. आमच्या खापरपणजोबांचा पसरा, म्हणजे दुकान, फोंड्याकडचा. त्यांच्या इन्व्हेंटारात घर आणि माड दोन ओळींत उरकलेत, पण दुकान मात्र फळीफळीने मोजलंय: तागडी, पायलीचं लाकडी माप, खोबरेलाचं भांडं, तंबाखूची पानं. पुढे उधारीची यादी. रेंदेराकडे (माडाची सूर काढणाऱ्याकडे) मीठ-तांदळाचं येणं, देवळातल्या भटजींकडे तेलाचं, आणि खुद्द खापरपणजोबा म्हापशाच्या एका कापडवाल्याचे देणेकरी! घरात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. सांगताना सगळे त्यांना सावकार म्हणायचे.

रक्कम अशरफी आणि टांगांत दिसली तर गोंधळू नका. पाच टांगांची एक अशरफी, दोन अशरफींचा रुपया असा जुना हिशेब होता.

दुकान गहाण पडलं किंवा विकलं असेल तर नोटारच्या (नोटरीच्या) पुस्तकांत सापडेल. या जुन्या कागदांसाठी पणजीच्या पुराभिलेखात जा. कागद पोर्तुगीजमध्ये, त्यामुळे आजच्या आडनावावर विसंबू नका. कामतांचं ‘कामोतीं’ होतं, शेणव्यांचं ‘सिनाय’, आणि बऱ्याचदा नुसतं नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच असतं. 1837 पासूनचं सरकारी गॅझेट (बोलेतीं) पणजीच्याच कृष्णदास शामा ग्रंथालयातही चाळता येतं. त्यात लिलावाच्या जाहिराती बघा.

घरात जुन्या चोपड्या उरल्या असतील तर त्या बहुधा मोडीत असतील. तारीख शकात असेल तर त्यात 78 मिळवलेत की साधारण इसवी सन येतं. 1880 ते 1892 मधली चोपडी मिळाली तर मिठाचं खातं जरूर वाचा. 1878 च्या पोर्तुगीज-इंग्रज करारानंतर गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला आणि भाव चढले, त्याचा चटका पसरेकाराला गिऱ्हाइकाआधी बसला. मोडी येत नसेल तर पुण्यामुंबईकडे वर्ग चालतात, पण दोन-चार पानांसाठी एखाद्या जाणकाराला गाठणं सोपं.

देवळाचं सांगायचं राहिलं. माझ्या मते खरं तर या कागदांच्याही आधी सुरुवात तिथूनच करावी. 1886 मध्ये देवस्थानांच्या महाजनांसाठी (देवळाच्या पिढीजात हक्कदारांसाठी) नियम झाले आणि महाजनांच्या याद्या लेखी राहू लागल्या. तुमचे पूर्वज महाजन असतील तर घराणं तिथे सापडावं. कुलदैवत कुठलं ते कळवा, म्हणजे कुणाला विचारायचं ते सांगतो.