बायपासनंतर मेंदूला न जाणवणारी इजा झाली आहे का, हे रक्त तपासून कळतं का?

थोडंफार कळतं. पण एकट्या रिपोर्टवरून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. मी बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे आणि हे घरातही भोगलंय, म्हणून लिहिते.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. स्वारगेट-भोर गाडीचे थांबे त्यांना झोपेतून उठवलं तरी म्हणता यायचे. 2019 मध्ये त्यांची बायपास झाली. हातपाय, बोलणं सगळं ठीक, आठव्या दिवशी घरी. नातू नेहमीसारखा म्हणाला, "आजोबा, गाडी सोडा." कात्रज, खेड शिवापूर, चेलाडी... आणि अडले. उजवा अंगठा तर्जनीवर घासत राहिले, तिकीट सुटं करताना करायचे तसा. पुढचा थांबा, कापूरहोळ, काही आला नाही.

दादा म्हणाला, "सत्तरी उलटली, विसरणारच." हॉस्पिटलमध्येही तेच ऐकवलं. मी हट्टाने एमआरआय करवला, पण तोवर तिसरा महिना लागला होता. नवी इजा दाखवणाऱ्या डिफ्यूजन एमआरआयवरचे ताजे ठिपके दोनेक आठवड्यांत विझतात. आम्हाला जुने डाग दिसले. ते ऑपरेशनचे की आधीचे, कोण सांगणार?

आता रक्ताचं. मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांतली काही प्रथिनं रक्तात उतरतात, त्यांना मार्कर म्हणतात. एनएसई हा जुना मार्कर, पण तो तांबड्या पेशींतही असतो. ऑपरेशनमध्ये हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनमधून रक्त फिरताना या पेशी फुटतात. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी, गुलाबी दिसलं की त्या आकड्याला माझ्या लेखी किंमत नाही. एस100बी हे दुसरं प्रथिन चरबीतही असतं, छातीतलं रक्त शोषून परत चढवलं की मेंदूला काही झालेलं नसतानाही वाढतं. त्यातल्या त्यात भरवशाचं प्रथिन न्यूरोफिलामेंट लाइट, कारण ते चेतातंतूंतूनच येतं. मात्र ते सावकाश चढतं, दिवस-आठवडे घेतं. वय झालेल्यांत आणि किडनी बिघडलेल्यांत ते मुळातच जास्त असतं. अमेरिकेत 2018 मध्ये जीएफएपी आणि यूसीएच-एल1 या आणखी दोन मार्करच्या जोडीच्या तपासणीला मान्यता मिळाली, ती डोक्याला मार लागलेल्यांसाठी. हृदयाच्या ऑपरेशननंतर कितीच्या वर आकडा म्हणजे इजा, हे ठरलेलं नाही.

म्हणूनच ऑपरेशनच्या आधीचा नमुना लागतो. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्यावर नुसता वाद घालता येतो. स्मरणशक्तीची चाचणीही आधीच करून घ्या. "वय झालं" हे निदान नाही, ते न तपासण्याचं कारण आहे. दादालाही मी हेच सांगत आले.

आणि हो, यापायी ऑपरेशन पुढे ढकलू नका. बाबा आज आहेत ते बायपासमुळेच. बऱ्याच जणांचा गोंधळ काही आठवड्यांत निवळतो, बाबांचाही पुष्कळ निवळला. पण तुमच्याकडे ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर त्या माणसाला तोंडपाठ असलेलं काहीही आज म्हणायला लावा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आमच्याकडे तसं काही नाही. बाबा कापूरहोळला आधीही अडखळायचे, असं दादा अजून म्हणतो.