शेवभाजी-भरिताच्या हॉटेलसाठी कमर्शिअल गॅस शेगडी किती बर्नरची घ्यावी?

तुम्ही विचारलंय की भुसावळजवळ हायवेवर ५० माणसं बसतील असं हॉटेल काढतोय, शेवभाजी, भरीत आणि वरण-बट्टी एवढंच ठेवणार, तर शेगडी तीन बर्नरची पुरेल की चारची, आणि एकूण खर्च किती येईल.

तीनची पुरेल. शेव तिथेच तळणार असाल तर भट्टी वेगळी. झालं उत्तर.

पण भाऊ, मागे सिलिंडर किती लावणार आणि कुठे ठेवणार याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. आपल्याकडे सगळे शेगडीचं दुकान आधी गाठतात आणि सिलिंडरला जिथे कोपरा उरेल तिथे ढकलतात. मग जाळ कमी पडला की शेगडीला शिव्या.

हायवेवरच्याच एका हॉटेलचं सांगतो, गॅस लाइनच्या कामासाठी पाहिलेलं आहे. तीन बर्नर, एक तळणाची भट्टी आणि या सगळ्याला मिळून १९ किलोचे दोन सिलिंडर. उन्हाळाभर ठीक चाललं. डिसेंबरात, लग्नसराईत, रात्री नऊच्या सुमारास ऐन गर्दीत जाळ बसायला लागला. मालक म्हणे शेगडी हलकी निघाली. शेगडी बनवणारा कारागीर आला, जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी) काढले, ड्रिलने भोकं मोठी केली आणि पैसे घेऊन गेला. दोन-चार दिवस सगळे खूश. मग भगोण्यांच्या बुडाला काजळी, आचाऱ्याचे डोळे चुरचुरायला लागले, सिलिंडर आधीपेक्षा लवकर संपायला लागला आणि नऊ वाजता जाळ पुन्हा बसलेलाच. त्यावर कुणीतरी अक्कल शिकवली की सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवा. तो कारागीर आजही छातीठोकपणे सांगतो की जेट मोठा केला म्हणूनच ते हॉटेल चाललं. हा वाद जुना आहे, म्हणून उत्तर लांबणार.

सिलिंडरमध्ये एलपीजी पातळ असतो आणि बर्नरला वाफ लागते. एका किलोची वाफ व्हायला सुमारे ९० किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती बाहेरच्या हवेतून, सिलिंडरच्या पत्र्यातूनच आत येते. त्यामुळे १९ किलोचा सिलिंडर सलग चालवला तर ताशी अर्धा किलो, फार तर पाऊण किलो वाफ देतो. नवा भरलेला असेल, हवा गरम असेल, तर थोडा वेळ जास्त देईल. याच्यावर ओढायला गेलात की तो स्वतःच गार पडतो, खालच्या भागावर आधी दव आणि मग बर्फ धरतो आणि आतला दाब उतरतो. पातळी खाली गेली की पातळ गॅसला टेकलेला पत्राही कमी होतो, म्हणून अर्धा संपलेला सिलिंडर भरलेल्याइतकी वाफ देत नाही. शिवाय प्रोपेन आधी उडतो, तो उणे ४२ अंशालाच उकळतो. तळाशी उरतो तो ब्युटेन, त्याचा उत्कलनबिंदू उणे अर्ध्या अंशाच्या आसपास. जळगाव-भुसावळकडे थंडीत रात्रीचा पारा १० च्या खाली जातो. अशा रात्री नऊला, अर्ध्या संपलेल्या दोन सिलिंडरकडून तुम्ही काय मागताय ते बघा.

हिशोब मांडा. मोठा बर्नर पूर्ण जाळावर ताशी साधारण एक किलो खातो असं धरा. सगळे बर्नर एकाच वेळी पूर्ण जाळावर नसतात, तरी रात्रीच्या गर्दीत सरासरी ताशी अडीच किलो सहज जातो. चार तासांचे १० किलो. मालक म्हणतो, दोन सिलिंडरमध्ये ३८ किलो आहे की. आहे, पण तासाला अडीच किलो बाहेर काढायची वाट कुठे आहे? दोन सिलिंडर मिळून सलग एक ते दीड किलो देणार. बाकीचा आतच पडून राहतो आणि एजन्सीकडे परत जातो.

आता जेटचं. जेटमधून गॅस जोराने सुटतो तेव्हाच तो बाजूच्या झडपेतून हवा ओढून घेतो. दाब तेवढाच किंवा कमी असताना भोक मोठं केलं की गॅस जास्त सुटतो आणि हवा त्या मानाने कमी येते. निळा जाळ पिवळा होतो, काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, डोळे चुरचुरतात. वर मागणी वाढल्यामुळे सिलिंडर आधीपेक्षा लवकर गारठतो. म्हणजे दुखणं सिलिंडरचं आणि ऑपरेशन शेगडीचं.

गरम पाण्याचा टब, सिलिंडर आडवा करणं, उलटा करणं, हे सगळे त्याच दुखण्याचे धोकादायक इलाज. उभ्या सिलिंडरमधून वाफ येते, आडव्यातून पातळ गॅस लाइनीत शिरतो. पातळ एक लिटरची वाफ जवळपास २५० लिटर होते. ती रेग्युलेटरला आवरत नाही आणि जाळ थेट हूडपर्यंत, म्हणजे शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या छत्रीपर्यंत उसळतो. हूडमध्ये तेलकट थर असेल तर पुढचं सांगायला नको.

त्या हॉटेलला इलाज साधा होता. दोन अधिक दोन असा मॅनिफोल्ड, म्हणजे चार सिलिंडर एका हेडरवर, एकाच सामाईक पाइपवर. प्रत्येकाला वेगळी पिगटेल (सिलिंडर हेडरला जोडणारी छोटी नळी) आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एक काढला तरी दुसऱ्याचा गॅस उलटा बाहेर येत नाही. दुपारी एका बाजूचे दोन चालू, रात्रीच्या गर्दीत चारही उघडे. जेट मूळ मापाचे परत बसवले. टब भांडी घासायला गेला. तुमच्या ५० माणसांच्या हॉटेललाही हेच लागेल. चार लावलेले आणि एक शिल्लक, असे पाच भरलेले म्हणजे ९५ किलो. १०० किलोपर्यंत साठ्याला पेसोचा, म्हणजे केंद्राच्या स्फोटक सुरक्षा खात्याचा परवाना लागत नाही. तीन अधिक तीन लावलेत तर ११४ किलो होतात आणि परवान्याचा विषय सुरू होतो. त्याहून मोठं काम असेल, मंगल कार्यालय वगैरे, तर ४७.५ किलोचे एलओटी सिलिंडर (यातून पातळ गॅसच बाहेर काढतात) आणि त्याची उष्णता देऊन वाफ करणारा व्हेपोरायझर यांचा विचार करा. घरगुती लाल सिलिंडरचं नावही काढू नका. गुन्हा आहे तो आहेच, वर तो लहान असल्यामुळे वाफही जास्त देत नाही.

सिलिंडर कुठे ठेवायचे? बाहेर, जमिनीच्या पातळीवर, वर सावली आणि बाजूंना जाळी. पूर्ण बंद पत्र्याची पेटी करू नका. गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, तो खाली साचतो, म्हणून मोकळीक तळाशी हवी. जवळ गटाराचं तोंड, तळघराची खिडकी, जनरेटर, मोटर यांतलं काही नको. आणि खास आपल्याकडची गोष्ट म्हणजे कूलर. पारा ४५ वर गेला की हॉटेलच्या मागच्या खिडकीला मोठा लोखंडी कूलर लागतो आणि बरोब्बर त्याच्याखाली सिलिंडरची जाळी असते, कारण मागची जागा तेवढीच. गळती झाली तर तो कूलर सगळा गॅस ओढून माणसं बसलेल्या हॉलमध्ये टाकणार, वर त्याची मोटर ठिणगी द्यायला तयार. कूलर एका बाजूला, सिलिंडर दुसऱ्या बाजूला. यात तडजोड नाही.

भरीत काड्यांवरच भाजणार असाल, आणि भाजलंच पाहिजे, तर पऱ्हाटीच्या काड्यांची ती जागा सिलिंडरपासून निदान २० फूट लांब ठेवा, वाऱ्याची दिशा बघून. काड्यांचा निखारा उडतो. गॅसवर वांगी भाजणारे जाळी ठेवून भाजतात, वांग्याचं पाणी ठिपकतं, बर्नरची भोकं बुजतात आणि जाळ एका बाजूने फरफरतो. मग पुन्हा तोच कारागीर, तेच ड्रिल. गॅसवर भाजायचीच वेळ आली तर त्यासाठी जुना एक बर्नर वेगळा काढा आणि रोज रात्री गार झाल्यावर ब्रशने साफ करा. जेटमध्ये मात्र सुई, तार काही घालू नका. भोक नकळत मोठं होतं. जेट काढून रॉकेलमध्ये बुडवा, फुंका, परत लावा.

लाइन सी क्लास जीआय, म्हणजे जाड गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाइपची, भिंतीवरून उघडी, पिवळ्या रंगाची, क्लॅम्प मारलेली. टाइल्सच्या आत गाडायची नाही. प्रत्येक बर्नरला वेगळा बॉल व्हॉल्व्ह. सगळ्या लाइनीचा मुख्य व्हॉल्व्ह किचनच्या दाराजवळ हाताच्या उंचीवर हवा. शेगडीच्या मागे असेल तर आग लागल्यावर त्याच्यापर्यंत हात जाणार नाही. रबरी नळी आयएस ९५७३ चा छाप असलेली, जेवढी लागेल तेवढीच लांब, भट्टीच्या मागून न नेलेली, दोन्ही टोकांना क्लिप. बाइंडिंग तारेने बांधलेली नळी दिसली तर ते काम करणाऱ्याला पैसे देऊ नका. काम झालं की हवा किंवा नायट्रोजन भरून दाब धरून ठेवायचा, गेजचा काटा रात्रभर हलता कामा नये. ऑक्सिजन भरून टेस्ट करणारे महाभाग आहेत, त्यांना दारातूनच परत पाठवा. नंतर दर आठवड्याला सांध्यांवर साबणाचं पाणी, आणि सिलिंडर बदलताना दर वेळी अॅडॉप्टरमधला रबरी वॉशर बोटाने तपासायचा. गॅस डिटेक्टर बसवाल तर जमिनीपासून वीतभर उंचीवर. छताला लावलेला एलपीजीसाठी शोभेचा.

शेगडी घेताना ती हाय प्रेशरची की लो प्रेशरची हे विचारा आणि रेग्युलेटर त्याच जोडीचा घ्या. शहरातून सेकंडहँड आणलेली शेगडी पाइपच्या गॅसवर चालणारी असेल तर तिचे जेट मोठे असतात, ते एलपीजीसाठी बदलावेच लागतात. शेवभाजीचं रुंद भगोणं बर्नरला पूर्ण झाकून टाकतं. बूड आणि बर्नर यांत दोन-अडीच इंच जागा राहील असं स्टँड हवं, नाहीतर हवा न मिळाल्याने चांगला बर्नरही काजळी टाकतो. एक किलो गॅस जळायला किमान १२ घनमीटर हवा लागते. तेव्हा एक्झॉस्ट जोरात लावून दारं-खिडक्या बंद ठेवू नका. हवा आत यायची वाट बाहेर जायच्या वाटेएवढी हवी.

सकाळी आधी खिडक्या, मग वास, मग सिलिंडर, मग मुख्य व्हॉल्व्ह. पेटता लायटर बर्नरजवळ धरायचा आणि मग नॉब फिरवायचा, उलट नाही. रात्री मात्र क्रम उलटा. आधी सिलिंडर बंद, लाइनीतला गॅस जळून जाळ आपोआप विझू द्यायचा आणि मग नॉब. बहुतेक ठिकाणी नुसते नॉब बंद करून घरी जातात आणि रात्रभर लाइन दाबाखाली राहते.

तळणाच्या भट्टीजवळ पाण्याची बादली नको. तेल ३५० अंशांच्या आसपास आपोआप पेटतं, त्यावर पाणी टाकलं तर पेटतं तेल छतापर्यंत जातं. कढईवर बसणारं झाकण जवळ ठेवा, एक वेट केमिकलचं अग्निशामक तळणासाठी आणि एक ६ किलोचं पावडरचं दाराबाहेर.

खर्चाचं मी आकड्यात सांगणार नाही. तुमची जागा, पाइपची लांबी, हूड, काहीच माहीत नाही. फक्त बजेट वाटताना आधी मॅनिफोल्ड आणि लाइन, मग हूड, आणि उरेल त्यात शेगडी. चकचकीत स्टीलची शेगडी दोन वर्षांनीही घेता येते.

आणखी दोन गोष्टी. वर दिलेले गॅसच्या खपाचे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या बर्नरच्या प्लेटवर लिहिलेला खप घेऊन हिशोब पुन्हा करा. मॅनिफोल्डचं काम गॅस एजन्सीमार्फत, त्यांच्या मान्यताप्राप्त माणसाकडूनच करून घ्या, मी किंवा कुणीही इथे लिहिलंय म्हणून स्वतः पाना घेऊन बसू नका. हद्दीप्रमाणे फायर एनओसीचंही आधी विचारून घ्या.

आणि शेगडीच्या बिलावर जेटचा नंबर लिहून घ्या. दुकानदार म्हणेल काय गरज आहे. थंडीत कुणी ड्रिल घेऊन आलाच, तर त्याला आधी सिलिंडरला हात लावून बघायला सांगा, तो गार लागतोय का. गार असेल तर ड्रिल परत पिशवीत.