४० वर्षांत इंटरफेसमध्ये नवीन काहीच झालं नाही का?

इंटरफेस म्हणजे माणूस आणि संगणक यांचा संवाद जिथे होतो तो भाग: पडदा, माउस, खिडक्या, आज्ञा. त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकी संशोधक डग्लस एंगलबार्टने १९६८ मध्ये माउस, लिंक आणि दूर बसून एकत्र काम करणं दाखवलं, १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतला आल्टो हा संगणक आला, १९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला, मग पुढच्या ४० वर्षांत केलं काय? वेग खरंच मंदावला का? यंत्राशी बोलून काम करून घेण्याचं काय? आणि आज या क्षेत्रात येणाऱ्याने हे जुनं वाचण्यात वेळ घालवावा का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. निम्मी तक्रार मोजण्यातल्या घोळामुळे आहे. उरलेली निम्मी खरी आहे, पण लोक जिथे बोट दाखवतात तिथे ती नाही.

मोजण्यातला घोळ असा. जुन्या गोष्टींची तारीख आपण प्रयोगशाळेतली धरतो आणि नव्या गोष्टींची दुकानातली. माउसचा पहिला लाकडी नमुना १९६४ चा. झेरॉक्सने स्टार हे यंत्र बाजारात आणलं १९८१ मध्ये, किंमत १६,५९५ डॉलर, म्हणजे कोणी घरी नेईल अशी नव्हेच. मॅकिंटॉश १९८४ मध्ये २,४९५ डॉलरला आला. लाकडी ठोकळ्यापासून इथवर यायला २० वर्षं लागली. आता एकापेक्षा जास्त बोटांचा स्पर्श ओळखणारा पडदा घ्या. टोरोंटो विद्यापीठात त्यावर १९८२ मध्ये काम झालं होतं आणि सगळ्यांच्या खिशात तो पोचायला सुरुवात झाली २००७ मध्ये. ही २५ वर्षं. साध्या एका बोटाच्या स्पर्शाची गोष्ट तर आणखी जुनी: इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो-४ या शिक्षणप्रणालीत १९७२ मध्येच प्लाझ्मा पडदा होता आणि त्यावर अवरक्त किरणांची १६ बाय १६ ची जाळी होती, बोट कुठल्या चौकटीत आलं हे यंत्राला कळायचं.

म्हणजे २००७ मध्ये जे नवीन वाटलं ते १९८० च्या दशकातलं होतं. याच न्यायाने गेल्या १५-२० वर्षांत प्रयोगशाळांत झालेल्या कामाचा निकाल आत्ताच लावता येत नाही. १९७५ साली कोणी ‘गेल्या दहा वर्षांत काय नवीन आलं?’ असं विचारलं असतं, तर साध्या ऑफिसात बसलेल्या माणसाने ‘काहीच नाही’ असंच उत्तर दिलं असतं, कारण त्याच्यासमोर तेव्हाही पंचकार्डं (भोकं पाडून संगणकाला माहिती देण्याची कार्डं) होती.

शिवाय ‘१९७३ मध्ये सगळं झालं होतं’ हे वाक्य मधल्या मेहनतीवर बोळा फिरवतं. आल्टोवर मजकूर लिहिण्या-सुधारण्याचा सुरुवातीचा प्रोग्राम होता ब्राव्हो. त्यात आज्ञा देण्याची एक अवस्था आणि मजकूर टंकण्याची दुसरी. आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे विसरून कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला तर काय व्हायचं? ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जायचा, ‘डी’ने तो पुसला जायचा, ‘आय’ने घालण्याची अवस्था सुरू व्हायची आणि ‘टी’ हे अक्षर उमटायचं. अख्ख्या दस्तऐवजाच्या जागी एकटं ‘टी’. झेरॉक्समधल्या लॅरी टेस्लरला या अवस्थांचा तिटकारा होता. त्याने आणि त्याचा सहकारी टिम मॉटने एका पाठ्यपुस्तक प्रकाशन संस्थेच्या संपादकांसाठी १९७५ मध्ये जिप्सी हा लिखाणाचा प्रोग्राम बनवला. प्रोग्राम तयार नसतानाच त्यांनी लोकांना रिकाम्या पडद्यासमोर बसवलं आणि ‘इथे तुमचं पान आहे असं समजा, आता काय कराल ते करून दाखवा’ असं सांगितलं. त्यातून कट आणि पेस्टचं आजचं रूप घडलं: आधी मजकूर निवडा, मग काय करायचं ते सांगा. ही कल्पना कागदावर एका ओळीची आहे. ती सापडायला मात्र माणसं बसवून पाहावी लागली.

अ‍ॅपलमधलंही तसंच. ‘झेरॉक्सकडून उचललं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. अ‍ॅपलची माणसं १९७९ मध्ये झेरॉक्सची प्रयोगशाळा पाहायला गेली, तेव्हा त्यांच्यातल्या बिल अ‍ॅटकिन्सन या प्रोग्रामरला वाटलं की तिथल्या एकमेकींवर चढलेल्या खिडक्यांमध्ये झाकलेला भागही आपोआप नीट रंगवला जातो. प्रत्यक्षात तिथे तसं होत नव्हतं. पण जमतं आहे असं समजून त्याने ते करून दाखवलं! एकाशेजारी एक खिडक्या मांडणाऱ्या १९८५ च्या पहिल्या विंडोजकडे पाहिलं की हे किती अवघड होतं याचा अंदाज येतो.

काही बाबतीत प्रगती थांबली कारण पुढे जागाच नव्हती. कार्ड, इंग्लिश आणि बर या तीन संशोधकांनी १९७८ मध्ये माउस, जॉयस्टिक आणि बाणांच्या कळा यांची तुलना प्रसिद्ध केली. माउस सगळ्यात वेगवान ठरला, पण त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की माउसचा वेग माणसाच्या हात-डोळ्यांच्या समन्वयाच्या मर्यादेजवळ पोचला होता. उपकरण आणखी सुधारलं तरी हात तोच राहणार. ‘अजून माउसच का?’ असं विचारणाऱ्यांनी हे काम आधी पाहावं.

आता खऱ्या तक्रारीकडे येतो. १९६३ चा स्केचपॅड घ्या. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या यंत्रावर आयव्हन सदरलँडने पीएचडीसाठी हा प्रोग्राम लिहिला. लाइट पेन (पडद्यावरचा प्रकाश ओळखणारं पेन) पडद्याला लावायचा, बटण दाबायचं, रेघ पेनामागून ताणत येते. पेन झटक्यात बाजूला केला की ती तिथेच संपते. सहा वाकड्यातिकड्या रेघांचा बंदिस्त आकार काढा, शेजारी एक वर्तुळ काढा. सहाही टोकं वर्तुळावर हवीत असं सांगा, सगळ्या बाजू सारख्या हव्यात असं सांगा. तो वेडावाकडा आकार डोळ्यांदेखत सरकत सरकत नियमित षटकोन होतो. मग वर्तुळ पुसून टाका. त्या षटकोनाच्या हव्या तेवढ्या प्रती काढून एकमेकींना जोडा, आणि मूळ आकृतीत बदल केला की तो सगळ्या प्रतींत उमटतो.

यात लाइट पेन ही किरकोळ गोष्ट आहे. माणसाने यंत्राला आकार दिला नाही, नातं सांगितलं, आणि यंत्राने ते सांभाळलं. अभियांत्रिकी आरेखनाच्या प्रोग्रामांत हे १९८० च्या दशकाच्या अखेरीस रुजलं (पुन्हा तीच २५ वर्षं). पण रोजच्या वापरातल्या सादरीकरणाच्या किंवा लिखाणाच्या प्रोग्राममध्ये ‘हे दोन चौकोन कायम सारख्या रुंदीचे राहू देत’ असं आजही सहज सांगता येत नाही. आपण हाताने ओढत बसतो.

एंगलबार्टचंही तेच झालं. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत व्यासपीठावर तो बसला होता आणि यंत्र होतं दूर मेन्लो पार्कला, मायक्रोवेव्ह जोडणीने बांधलेलं. सगळ्यांना आठवतो तो माउस. त्याच्या डाव्या हाताखाली पाच कळांचा एक छोटा संच होता, तो कोणाला आठवत नाही. पियानोवर अनेक सूर एकदम वाजवतात तशा कळा एकत्र दाबायच्या. त्यातून ३१ वेगवेगळे संकेत निघतात. उजवा हात माउसवर, डावा आज्ञा देणारा, त्यामुळे कीबोर्डकडे सारखं वळायला नको. हे शिकायला वेळ लागायचा, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. माणसाची विचार करण्याची ताकद वाढवायची तर माणसानेही थोडं शिकावं, अशी त्याची भूमिका होती. नंतरच्या उद्योगाने उलटा निकष लावला: पहिल्या पाच मिनिटांत जमलं पाहिजे. यातून कोट्यवधी लोक संगणकापर्यंत आले, ते मी कमी लेखत नाही. पण दिवसाचे आठ तास तेच साधन वापरणाऱ्या माणसासाठी सहाव्या महिन्यात काय शिल्लक आहे, हा प्रश्न विचारायचा राहून गेला. खरी खोळंबलेली प्रगती इथे आहे.

का खोळंबली? एक कारण पैशाचं. आल्टोचा पडदा ६०६ बाय ८०८ बिंदूंचा होता. प्रत्येक बिंदूला एक बिट धरलं तरी सुमारे ६० किलोबाइट. सुरुवातीच्या यंत्राची सगळी स्मृती (मेमरी) १२८ किलोबाइट. म्हणजे स्मृती सोन्याच्या भावाची असताना जवळजवळ निम्मी नुसत्या पडद्यावर खर्च केली, का तर दहा वर्षांनी ती स्वस्त होणार हे त्यांना ठाऊक होतं. उद्याचं यंत्र आज महागात बनवून त्यावर रोजची कामं करायची, असं करायला आज फारसं कोणी धजत नाही. दुसरं कारण सवयीचं. आल्टो वापरणारे मोजके होते आणि बरेचसे तो बनवणारेच होते, त्यामुळे आज बनवलेलं उद्या फेकून देता यायचं. याउलट, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये लोकांच्या सवयीचं स्टार्ट बटण काढलं, तर वर्षभरात ते परत आणावं लागलं.

एका बाबतीत तर आपण मागे गेलो आहोत, आणि याची मला सगळ्यात जास्त चीड येते. २०१७ मध्ये एका अभियंत्याने कळ दाबल्यापासून अक्षर दिसेपर्यंतचा वेळ बऱ्याच संगणकांवर मोजला. १९८३ च्या अ‍ॅपल टू-ई वर तो सुमारे ३० मिलिसेकंद निघाला. कित्येक नव्या यंत्रांवर १०० च्या पुढे. कळ आणि पडदा यांच्यामधले प्रोग्रामांचे थर वाढत गेले आणि प्रत्येकाने आपला वाटा घेतला.

बोलून काम करून घेण्याबद्दलही तुम्ही विचारलंत. एमआयटीत १९८० मध्ये रिचर्ड बोल्टने दाखवलेल्या प्रयोगात माणूस खुर्चीत बसून भिंतीएवढ्या पडद्याकडे बोट करून ‘ते तिथे ठेव’ असं म्हणायचा आणि पडद्यावरचं जहाज तिथे जायचं. आज भाषा समजण्याचा भाग तेव्हाच्या कल्पनेपलीकडे गेला आहे, ही गेल्या काही वर्षांतली खरी झेप आहे. पण बोट दाखवण्याचा भाग अजून लंगडा आहे. पडद्यावरच्या गोष्टीचं आपण तीन वाक्यांत वर्णन करत बसतो, कारण ‘हे’ म्हणजे कुठलं हे समोरच्या यंत्राला क्वचितच दिसतं. मला आज काम निवडायचं असतं तर मी हेच निवडलं असतं.

वाचण्याबद्दल: सदरलँडचा प्रबंध आधी घ्या, तो अजून ताजा वाटतो. एंगलबार्टच्या ९० मिनिटांच्या प्रात्यक्षिकाचं चित्रण पाहताना माउसकडे दुर्लक्ष करा आणि तो एकच यादी कशी कधी मिटवून, कधी उलगडून, कधी गटांत लावून दाखवतो ते पाहा. मग १९७८ ची माउसची तुलना, मोजमाप कसं करावं यासाठी. व्हॅनेव्हर बुश या अमेरिकी अभियंत्याचा १९४५ चा लेख प्रत्येक जण पहिला सुचवतो. त्यात पुस्तकं-कागद मायक्रोफिल्मवर साठवून वाचायचं एक काल्पनिक मेज आहे, करून पाहिलेलं काही नाही. तो शेवटी वाचलात तरी चालेल.