फंड नाही म्हणे, मग मुलाने वाचायला शिकायचं कसं?

प्रश्न : नमस्कार ताई, मी भांडुपला राहते, मुलगा महापालिकेच्या शाळेत चौथीत आहे. तोंडी विचारलं की सगळं धडाधड सांगतो पण लिहायला बसवलं की ब चा व होतो, जोडाक्षरं गळतात, फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत बाईंनी पुसलेलं असतं. गेल्या वर्षी आठवड्यातून एकदा विशेष शिक्षिका यायच्या, खूप फरक पडला होता, जूनपासून त्या येतच नाहीत आणि शाळेत विचारलं तर वरून फंड नाही म्हणतात. माझ्या नणंदेची मुलगी न्यू जर्सीला शिक्षिका आहे, ती म्हणते 2009 च्या मंदीत तिकडच्या सरकारने शाळांना आणि अशा मुलांसाठी भरपूर पैसे दिले होते. खरंय का? आपल्याकडे असं का होत नाही?
— एक आई, भांडुप

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं, पुसलेल्या फळ्याचं वाचून फार वाईट वाटलं.

भाची सांगते ते खरंय. 17 फेब्रुवारी 2009 ला ओबामांनी मंदीतून सावरण्यासाठीच्या सरकारी मदतीच्या पॅकेजवर सही केली, सगळं मिळून 787 अब्ज डॉलर, त्यातले 12.2 अब्ज फक्त अपंग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांच्या शिक्षणाला. तिथलं केंद्र सरकार ह्यासाठी वर्षाला जेवढं द्यायचं जवळजवळ तेवढंच आणखी. पण पुढचंही ऐका. अशा मुलांच्या शिक्षणाच्या 1975 च्या कायद्यात त्यांनी शब्द दिला होता की एका मुलामागे जो सरासरी खर्च होतो त्याच्या 40 टक्क्यांइतका भार केंद्र उचलेल, आणि एरवी द्यायचे 17 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मूळची थकबाकी तशीच आणि वरून एकदाच मोठी रक्कम, तीही सप्टेंबर 2011 पर्यंत वापरायची. अशा पैशातून मशीन घेता येतं, शिक्षकांना ट्रेनिंग देता येतं, पण बाईंचा पगार दर महिन्याला लागतो, तो तिसऱ्या वर्षी कुठून द्यायचा?

मी हे आपल्याकडे डोळ्यांनी पाहिलंय. मुंबईतल्याच एका शाळेत कपाटभर साहित्य, ब्रेल पाट्या प्लास्टिकमधून काढलेल्यासुद्धा नाहीत, आणि ते शिकवणाऱ्या बाईंचं कंत्राट संपलेलं. तिसरीतली एक मुलगी रोज नेमाने कानात मशीन घालून यायची, आईने सांगितलंय म्हणून, आणि आतला सेल कधीच संपलेला होता, ते वर्गात कोणाला माहीतच नव्हतं. त्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यासमोरून जात नाही.

आता आपलं. आपल्याकडे पॅकेज नाही पण दरवर्षीची तरतूद आहे. समग्र शिक्षा ही शाळांसाठीची सरकारी योजना, 2018 पासून, महाराष्ट्रात 60 टक्के केंद्र आणि 40 टक्के राज्य, त्यात विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला 3500 रुपयांपर्यंत धरलेत, मुलींना वेगळा महिना 200 रुपये भत्ता 10 महिने. हे फार कमी आहे, मी ते पुरेसं म्हणणार नाही. पण 'फंड नाही' हे उत्तर ऐकून तुम्ही परत फिरू नका, कारण सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलंय की अशा 10 मुलांमागे प्राथमिकला 1 विशेष शिक्षक हवा, वरच्या वर्गांना 15 मागे 1, आणि ही पदं कायमची भरा.

पहिलं काम सर्टिफिकेटचं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात अध्ययन अक्षमता येते, म्हणजे मूल हुशार असूनही वाचता-लिहिताना अशी अडचण येणं. त्याचा दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतो, तुमचा मुलगा चौथीत म्हणजे तो बसतोय त्यात. सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलमध्ये ह्या मुलांसाठी एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे हीच अध्ययन अक्षमता) क्लिनिक आहे, तिथे चौकशी करा, जाताना शाळेचं पत्र आणि त्याच्या दोन-तीन वह्या घेऊन जा. पुढे बोर्डाच्या परीक्षेला जास्तीचा वेळ वगैरे सवलती ह्याच कागदावर मिळतात.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश पालक असायला लागतात, आणि एकूण समितीत निम्म्या बायका, आणि शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, त्याच आराखड्यावर अनुदान ठरतं. बऱ्याच आयांना मीटिंगला सहीपुरतं बोलावतात, तुम्ही बोला, आणि आपल्या शाळेत अशी किती मुलं आहेत नि विशेष शिक्षिका किती तास लागतात हे त्या आराखड्यात लिहून घ्या. एकट्या जाऊ नका, वर्गात अजून तीन-चार मुलं असतीलच, त्यांच्या आयांना सोबत घ्या. अर्ज लेखी द्या आणि पोच म्हणून दुसऱ्या कॉपीवर शिक्का घ्या.

हे सगळं होईपर्यंत वर्गशिक्षिकेला एवढंच सांगा की फळ्यावरचं त्याला कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बाकावर द्या, आणि बाजूच्या मुलाला ते त्याला वाचून दाखवायला सांगा. ह्याला फंड लागत नाही, उद्याच विचारा, आणि बाई काय म्हणाल्या ते मला नक्की कळवा.