भाडेकरू राहत असतानाच जुन्या इमारतीची दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नौपाड्यात आमच्या वडिलांनी 1968 साली बांधलेली तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत आहे. अकरा जागांपैकी नऊ जागांत पागडीचे जुने भाडेकरू असून प्रत्येक जण दरमहा 140 रुपये भाडे देतो; दोन जागा रिकाम्या आहेत. पुनर्विकासासाठी विचारणा होत असते, परंतु भूखंड लहान आहे, रस्ता अरुंद आहे आणि आम्हा भावंडांप्रमाणेच भाडेकरूंनाही ही इमारत राखावी असे वाटते. इमारत नीट दुरुस्त करावी, तळमजल्यावरील रिकामी जागा सर्वांसाठी सामायिक खोली म्हणून ठेवावी आणि दुसऱ्या मजल्यावरील जागा नोकरी करणाऱ्या तीन-चार मुलींना राहण्यास द्यावी, असा विचार आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक घरमालक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपला विचार मनापासून आवडला. तरीही सामायिक खोलीचा आराखडा आणि फरशांचे नमुने काही महिने बाजूला ठेवावेत, अशी विनंती आहे. इमारतीच्या सांगाड्याची अवस्था कळेपर्यंत बाकीचा कोणताही निर्णय पक्का करता येणार नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265-अ नुसार 30 वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून करून घेणे बंधनकारक आहे, आणि आपली इमारत ती मर्यादा कधीच ओलांडून गेली आहे. तपासणीनंतर इमारतीला श्रेणी मिळते. सी-1 म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी, सी-2 ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-2 बी म्हणजे रहिवासी आत असताना संरचनात्मक दुरुस्ती करता येण्याजोगी आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. आपला सारा बेत सी-2 बी किंवा सी-3 या श्रेणींतच बसतो. अहवालात सी-1 आले, तर इमारतीवरचे प्रेम बाजूला ठेवून माणसे आधी बाहेर काढावीत. नौपाड्याच्याच बी केबिन परिसरात ऑगस्ट 2015 मध्ये जुनी इमारत कोसळून 12 जणांचा जीव गेला, हे आपल्या भागातील कोणीही विसरलेले नसेल.

तपासणी म्हणजे नुसती छायाचित्रे आणि चार पानांचा अहवाल नव्हे. अभियंत्याने स्लॅब, बीम आणि कॉलम हातोडीने ठोकून पाहिलेच पाहिजेत. निरोगी काँक्रीट टणटणीत वाजते आणि आतून सुटलेले बद्द वाजते. त्यापुढे रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा मोजणारे उपकरण), ध्वनिलहरींची चाचणी, गरजेप्रमाणे कोअर म्हणजे काँक्रीटचा दंडगोल तुकडा काढून त्याची ताकद पाहणे आणि काँक्रीटचे कार्बोनेशन किती खोलवर गेले आहे ते तपासणे, इतके तरी व्हावे. ही शेवटची चाचणी सर्व भाडेकरूंच्या देखत करून घ्यावी. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले की जेथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तेथे ते गडद गुलाबी होते आणि जेथे हवेतील कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कधर्म संपला आहे तेथे रंगच येत नाही. हा रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोचला असेल, तर सळईला असलेले काँक्रीटचे संरक्षण संपले आणि गंज सुरू झाला, असे समजावे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि छताचे पोपडे आपल्या ताटात पडू लागतात. ठाण्याला खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असल्यामुळे हे काम येथे लवकर होते. इंचभर गुलाबी आणि इंचभर कोरा असा तो तुकडा एकदा डोळ्यांनी पाहिला, की ‘मालक आम्हाला बाहेर काढण्यासाठी अहवाल आणतो आहे’ ही शंका पुष्कळशी निवळते. माझ्या अनुभवात दुरुस्त्या पैशाअभावी जितक्या रखडतात तितक्याच या शंकेपायीही रखडतात.

आता पैशाचा प्रश्न, आणि येथे थोडे थांबून हिशेब करू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 प्रमाणे इमारत सुस्थितीत ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. त्याने टाळाटाळ केल्यास भाडेकरू किमान 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतात आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र एका वर्षात ही वजावट त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक असू शकत नाही. आपल्याकडे एका भाडेकरूचे वर्षाचे भाडे 1680 रुपये होते, म्हणजे वजावट 420 रुपये. नवांचे मिळून वर्षाचे भाडे 15,120 रुपये. या रकमेत जिन्याचा एक टप्पाही धड दुरुस्त होणार नाही. मुंबई शहरातील उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आहे. ठाण्यात ती व्यवस्था लागू नाही. तेव्हा कायद्याने दोघांचेही हक्क राखले असले, तरी इमारत वाचवायची तर मालक आणि भाडेकरू यांच्या लेखी समझोत्यावाचून मार्ग नाही.

या समझोत्याला कायद्यात आधार आहे. कलम 11 नुसार भाड्यात दरवर्षी 4 टक्के वाढ करता येते, आणि 70 टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने केलेल्या सुधारणांसाठी किंवा संरचनात्मक बदलांसाठी, झालेल्या खर्चाच्या वार्षिक 15 टक्क्यांच्या मर्यादेत, आणखी भाडेवाढ करता येते. नऊ भाडेकरूंत 70 टक्के म्हणजे किमान सात सह्या. माझे मत असे, की सातवर थांबू नये, नऊही सह्या मिळवाव्यात. ज्या दोन घरांना आपले म्हणणे ऐकले गेले नाही असे वाटेल, त्यांच्याच न्हाणीघरात उद्या कामगारांना शिरायचे आहे. करारात कामाची यादी, अंदाजपत्रक, कोण किती व केव्हा देणार, वाढीव भाडे किती, आणि मुख्य म्हणजे भाडेकरूंनी दिलेल्या वर्गणीमुळे किंवा दुरुस्तीमुळे त्यांच्या भाडेहक्काला बाध येणार नाही, हे स्वच्छ शब्दांत लिहावे. मसुदा वकिलाकडून तपासून घ्यावा. सांगाड्याचा खर्च मालकाने, घराच्या आतील फरशी-नळांचा ज्याच्या त्याने आणि सामायिक सोयींचा सर्वांनी मिळून उचलावा, ही वाटणी मला न्याय्य वाटते. दुसऱ्या मजल्यावरील जागेचे येणारे उत्पन्न पहिली काही वर्षे सांगाड्याच्या खर्चाकडे वळवण्याची तयारी आपण दाखवली, तर भाडेकरूही हात आखडता घेणार नाहीत.

कामाचा क्रम पाण्यापासून ठरतो. गच्ची गळत असताना खालच्या स्लॅबची दुरुस्ती करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. जुन्या गच्चीवर गळतीवर उपाय म्हणून आधीचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा थर) न काढताच त्यावर दुसरा, मग तिसरा असे थर चढवलेले असतात. पाचपाखाडीतील एका इमारतीत आम्ही गच्ची फोडली तेव्हा एकाखाली एक असे चार थर निघाले. दहा सेंटिमीटर जाडीचा विटांचा कोबा दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास भरतो. 120 चौरस मीटरच्या गच्चीवर असा एकच जादा थर म्हणजे 24 टनांचे ओझे. म्हणून आधी जुने थर उतरवावेत, उतार नीट द्यावा आणि मगच नवे जलरोधन करावे. त्याच वेळी घराघरांतल्या माळ्यांवरील टाक्याही पाहाव्यात, कारण 1000 लिटर पाणी म्हणजे एक टन वजन असते. मग बिडाचे जुने सांडपाण्याचे पाइप बदलावेत आणि त्यानंतर सांगाड्याला हात घालावा. सुटलेले काँक्रीट काढणे, सळया घासून गंजरोधक लेप देणे, झिजलेल्या ठिकाणी नवी सळई जोडणे, पॉलिमरयुक्त मॉर्टर किंवा गरजेप्रमाणे मायक्रोकाँक्रीटचे (बारीक खडीच्या, सहज वाहणाऱ्या काँक्रीटचे) जॅकेट म्हणजे कॉलम-बीमभोवतीचे वेष्टन, हा क्रम अभियंता ठरवून देईल. ज्या बीमला हात लावायचा त्याखाली टेकू लागल्याशिवाय हातोडा चालवू देऊ नये. कोणतीही भिंत ‘जागा मोकळी होईल’ म्हणून पाडू नये. त्या काळच्या लहान इमारतींत पुष्कळदा भिंतीच भार वाहतात. गिलावा, रंग आणि फरशी यांना सहसा परवानगी लागत नाही, परंतु सांगाड्याच्या कामासाठी महापालिकेची परवानगी आधी हातात घ्यावी.

माणसे आत राहत असताना काम करायचे असल्याने संडास-मोऱ्यांची एका वेळी एकच उभी ओळ घ्यावी, म्हणजे तळमजला, पहिला आणि दुसरा मजला यांवरील एकावर एक येणारी तीन घरे. तेवढ्या काळासाठी तळमजल्याच्या रिकाम्या जागेतील संडास आणि मोरी त्या तीन कुटुंबांना द्यावी. दसऱ्यानंतर सुरुवात करून मे अखेरीस बाहेरचे काम संपवावे. तोडफोडीच्या वेळा ठरवून जिन्यात लावाव्यात, आणि दहावी-बारावीची मुले असतील त्या घरांचे काम परीक्षेआधी उरकावे किंवा नंतर घ्यावे. ही बाब लहान वाटते, पण भांडणे याच ठिकाणी सुरू होतात.

विजेचे काम थोडक्यात सांगतो. जिन्याखालील लाकडी फळीवरचे मीटर महावितरणच्या संमतीने हवेशीर, कोरड्या जागी हलवावेत, प्रत्येक घराला विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच आणि इमारतीला योग्य अर्थिंग असावे, सामायिक दिव्यांसाठी व पंपासाठी वेगळे मीटर घ्यावे. आग लागली तर बाहेर पडायला जिना हा एकच मार्ग असतो. तेथे सायकली आणि जुनी कपाटे राहू देऊ नयेत.

आता सामायिक खोलीविषयी. अशा खोल्या उत्साहाने सजवल्या जातात आणि दोन वर्षांत अडगळीच्या होतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. याचे कारण बहुधा हेच, की खोली कशासाठी हवी हे कोणी विचारलेले नसते. आपल्या नऊ घरांत जाऊन विचारावे. एखाद्या घरात दोन खोल्यांत पाच माणसे असतील आणि मुलाला अभ्यासाला जागा नसेल, एखाद्या आजींना दुसऱ्या मजल्यावरून रोज खाली उतरवत नसेल पण उतरल्यावर बसायला ओटाही नसेल, कोणाकडे बारशाला पाहुणे मावत नसतील. खोलीत एक लांब टेबल, भिंतीला बाक, पंखे, पाण्याचा एक नळ आणि कुलपाची दोन कपाटे असली की पुरे. किल्ली मालकाकडे नव्हे, तर दर तीन महिन्यांनी बदलणाऱ्या एका घराकडे असावी. शिकवणीचा किंवा खानावळीचा व्यवसाय तेथे सुरू होऊ देऊ नये. आणि खोलीइतकेच लक्ष जिन्याच्या कठड्याकडे, प्रत्येक टप्प्यावरील उजेडाकडे आणि गच्चीवरील वाळवणाच्या दोऱ्यांकडे द्यावे. शेजारी एकमेकांना भेटतात ते तेथेच.

मुलींच्या जागेविषयी जुन्या भाडेकरूंची भीती अशी असू शकते, की मालक हळूहळू साऱ्या इमारतीचे वसतिगृह करील. म्हणून किती जणी राहतील ते त्याच करारात लिहावे. एका संडासामागे चारपेक्षा अधिक नकोत, असे मला वाटते. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणे ही कलम 55 प्रमाणे घरमालकाची जबाबदारी आहे. त्या मुलींनाही सामायिक खोलीत आणि तिच्या खर्चात बरोबरीचा वाटा द्यावा, नाहीतर त्या पाहुण्यांसारख्याच राहतील.

प्रश्न : कोपरीतील जुन्या इमारतीत आम्ही पागडीचे भाडेकरू आहोत. दुरुस्तीसाठी सहा महिने जागा रिकामी करा, काम झाल्यावर परत या, असे मालक तोंडी सांगतात. आम्ही जावे का?
— एक भाडेकरू, कोपरी, ठाणे

उत्तर : तोंडी शब्दावर जाऊ नये आणि अहवाल न पाहता नकारही देऊ नये. प्रथम तपासणी अहवालाची प्रत मागावी. श्रेणी सी-2 बी असेल, तर घर रिकामे करण्याची गरज का, हे अभियंत्याकडून लेखी घ्यावे. सी-2 ए असेल, तर बाहेर पडणे आपल्याच जिवासाठी आवश्यक आहे. मात्र त्याआधी जागेचे चटईक्षेत्र, मजला, खोलीचा क्रमांक, परतण्याची मुदत, परतल्यानंतरचे भाडे आणि मधल्या काळातील भाड्याची व्यवस्था यांचा लेखी करार करावा. खोल्यांची मोजमापे व छायाचित्रे, भाडेपावत्या आणि वीजबिले जपून ठेवावीत. मालक दुरुस्तीसाठी न्यायालयातून ताबा घेत असेल, तर काम झाल्यावर त्याच जागेत परतण्याचा हक्क भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 17 ने भाडेकरूला दिला आहे. बाहेर पडावे म्हणून पाणी किंवा वीज तोडली गेल्यास कलम 29 खाली न्यायालयाकडे दाद मागता येते.

प्रश्न : नेरुळमधील आमच्या तीन मजली सिडको इमारतीच्या गच्चीवर सर्व रहिवाशांनी मिळून, भाडेकरूंसह, भाजीपाल्याची बाग करायचे ठरवले आहे. वाफे बांधून एक फूट माती भरली तर चालेल का?
— रहिवासी, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : वाफे बांधू नयेत. एक फूट ओल्या मातीचे वजन दर चौरस मीटरला 500 किलोच्या वर जाते, आणि वापरातील गच्चीचा स्लॅब माणसांच्या वावरासाठी साधारणतः 150 किलोचा भार धरून आखलेला असतो. शिवाय वाफ्याखाली ओल सतत मुरत राहते आणि गळती कोठून होते ते शोधताही येत नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा, पालापाचोळा आणि कंपोस्ट यांचे हलके मिश्रण पिशव्यांत किंवा क्रेटमध्ये भरावे, ते स्लॅबच्या मध्यावर न ठेवता कठड्यालगत, खाली बीम असलेल्या ओळीवर मांडावे आणि खाली विटा देऊन पाणी वाहून जाण्यास चार बोटे जागा सोडावी. मेथी, पालक, मिरची, वांगी आणि कढीपत्ता एवढ्यात उत्तम येतात. पाणी घालण्याची पाळी लावताना भाडेकरूंची नावे मालकांच्या नावांबरोबर एकाच यादीत लिहावीत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर पन्हाळीची तोंडे मोकळी आहेत ना, हे त्या आठवड्यात पाळी असणाऱ्याने पाहावे.