मे महिन्यात तोरणमाळ ते अस्तंबा : रोज किती चालावे?

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या राणीपूरहून पायी तोरणमाळ चढून पुढे अस्तंब्याच्या डोंगरापर्यंत, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, पाठीवर सामान घेऊन रोज २५ किलोमीटर चालण्याचा बेत जमेल का, असे आपण विचारले आहे. वाट जमेल, २५ किलोमीटर जमणार नाहीत.

आपण दिवाळीत अस्तंब्याची यात्रा केली आहे, त्यावरूनच हा अंदाज बांधलेला दिसतो. धनत्रयोदशीच्या सुमारास ओढ्यांना पाणी असते. मे महिन्यात मात्र सातपुड्यातला साग निष्पर्ण असतो, त्यामुळे नकाशावर जंगल दिसले तरी अंगावर सावली पडत नाही. शिवाय भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर आल्याने कड्याचा आडोसाही उपयोगी पडत नाही. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर असल्याने तिथे खाली सपाटीवरच्या शहाद्यापेक्षा सहा-सात अंश कमी असतात, हे खरे. पण चढ सुरू होतो तो खालच्या भट्टीतूनच.

म्हणून मी पहाटे साडेचारला बॅटरीच्या उजेडात निघतो आणि साडेदहाच्या आत जिथे पाणी आहे अशा नाल्याकाठी, जांभळाखाली किंवा उंबराखाली, सामान उतरवतो. साडेचारपर्यंत तिथून हलायचे नाही. मग उन्हे कलल्यावर आणखी दोन तास. एवढ्यात १४-१५ किलोमीटर होतात आणि पाठीवर दहा-अकरा किलो असताना ते पुष्कळ आहेत.

प्रत्येकी ५ लिटर पाणी, म्हणजे ५ किलो, धरूनच बाकीचे सामान कमी करावे. पाड्यावर चौकशी करताना ‘पुढे पाणी आहे का’ असे विचारू नये, कारण उत्तर बहुधा ‘आहे’ असेच मिळते. आज सकाळी हंडा कुठून भरला, हे विचारावे. एकदा मी नकाशातल्या हातपंपावर विसंबलो. दांडा हाताला हलका लागला तेव्हाच समजलो; दहा-बारा हापसे मारूनही आतून नुसती हवा घरघरली. पुढचा झिरा (पाणी झिरपून साठणारा खड्डा) अडीच तासांवर होता आणि तिथे पोहोचेपर्यंत सोबत्याचे बोलणे असंबद्ध होऊ लागले होते. त्याला सावलीत निजवून, सदरा ओला करून, वारा घालत आम्ही तो दिवस तिथेच संपवला. झिऱ्याचे पाणी फडक्याने गाळून, क्लोरीनचे थेंब टाकून, अर्धा तास थांबूनच प्यावे.

नुसते पाणी पीत राहिल्यानेही माणूस ढेपाळतो, कारण घामावाटे मीठ जाते. आपली कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि गूळ ही शिदोरी इथे पाकीटबंद खाण्यापेक्षा मला सरस वाटते. (केळी मात्र नेऊ नयेत, खान्देशी माणसाला हे पटत नाही, पण पिशवीत त्यांचे शिकरण होते.) ओआरएसची पुडी १ लिटर पाण्यात पूर्ण घालावी, चवीसाठी कमी करू नये.

प्लॅस्टिकच्या बाटलीतले पाणी अकरापर्यंत चहाइतके तापते. त्यासाठी जुनी कापडी छागळ मिळाली तर जरूर घ्यावी. फांदीला टांगली की कापड पाझरून ओले होते आणि कोरड्या वाऱ्याने तासाभरात आतले पाणी घशाला गार लागू लागते.

रात्री नाल्याची वाळू मऊ लागते म्हणून तिथे पथारी टाकू नये. मे महिन्यात वळीव वरच्या डोंगरात कोसळतो आणि खाली थेंबही पडलेला नसताना लोंढा येतो.